जगायला गेलेल्यांची पुस्तकं

आमच्याकडं ‘जगायला जाणं’ असा एक शब्दप्रयोग आहे. पाऊस दडी मारतो, विहिरीचा तळ दिसायला लागतो, माळावरचं कुसळसुद्धा करपून जातं. मग मेंढका वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, घोड्यावर टाकतो, पोरंबाळं, कोंबड्या, करडं सगळं घेऊन निघतो. कुणी विचारलं, ‘कुठं निघालास?’ तर तो गावाचं नाव सांगत नाही. ‘जगायला,’ एवढंच म्हणतो. कृष्णाकाठ असो की कोकण, जिथं हिरवं दिसेल तिथं. पाऊस पडल्याचा सांगावा आला की माघारी यायचं.

माणदेश म्हणजे नकाशावरचा जिल्हा नव्हे. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा माण तालुक्यातून आटपाडीत आणि तिथून सांगोल्यात जाते आणि सरकोलीजवळ भीमेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत विभागलेला कोरडा टापू तो माणदेश. खटाव, खानापूर, जत हे शेजारचे तालुके त्याच उन्हात तापतात, म्हणून बोलताना आम्ही त्यांनाही यात धरतो. बाजरी, हुलगा, मटकी, शेळ्यामेंढ्या आणि खिलार जनावरं यांवर इथला संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. नदी आहे, पण वर्षाचे बरेच महिने तिच्यात वाळूच असते.

अशा या टापूनं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला चार अध्यक्ष दिले. 1973 साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर, 1983 साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर, त्याच्या लगेच पुढच्या वर्षी जळगावला शंकरराव खरात आणि 1997 साली अहमदनगरला ना. सं. इनामदार. अध्यक्षपद ही काही लेखकाची उंची मोजायची काठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही चौथीत असताना गुरुजींनी ही नावं आम्हाला पाढ्यासारखी म्हणायला लावली होती आणि ‘ही सगळी आपल्या शिवारातली माणसं’ असं म्हणताना त्यांचा आवाज दाटला होता. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. हे पुस्तक त्या आवाजाचं देणं आहे.

आज माणदेशात राहून किंवा माणदेशातून बाहेर पडून लिहिणाऱ्या काही जणांनी आपल्याच मातीतल्या आधीच्या लेखकांविषयी लिहिलेले लेख इथं एकत्र केले आहेत. लिहिणाऱ्यांत प्राथमिक शिक्षक आहेत, एक ग्रामसेवक आहे, डाळिंबाची बाग करणारे दोघे आहेत, महाविद्यालयात शिकवणारेही आहेत. त्यांना मी एकच विनंती केली होती. समीक्षा करू नका, ज्या लेखकानं तुम्हाला लिहितं केलं त्याचं एखादं पान घ्या आणि त्या पानानं तुमचं काय केलं ते सांगा. लेख येत गेले आणि वाचता वाचता माझ्याच ध्यानात एक गोष्ट आली. आपण या लेखकांना वेगवेगळ्या फडताळांत ठेवलं आहे. एक ग्रामीण साहित्यात, एक दलित साहित्यात, एक गीतकारांत, एक ऐतिहासिक कादंबरीकारांत. ती फडताळं पुण्या-मुंबईत तयार झाली. गावात मात्र ही सगळी एकाच विहिरीच्या भोवतीची माणसं होती. कुणाला त्या विहिरीवर पोहरा सोडता येत होता आणि कुणाला येत नव्हता, एवढाच काय तो फरक. आणि तोच मोठा फरक होता. म्हणून ही पुस्तकं एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात तात्यांपासून करतो. व्यंकटेश माडगूळकरांना सगळा महाराष्ट्र तात्या म्हणत असे. जन्म 1927चा, माडगूळचा. ‘माणदेशी माणसं’ 1949 साली आलं तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्या वयाच्या लेखकाला सगळं सांगून टाकायची घाई असते. तात्यांच्या लेखणीला ती घाई नाही. ‘झेल्या’ पाहा. मास्तर आणि एक उनाड पोरगं यांची ही गोष्ट. त्यात माया शब्दानं येत नाही. ती छडीत येते, शाळेच्या वाटेवर येते, मास्तरची बदली होते तेव्हा येते. आमच्या एका शिक्षक मित्रानं या पुस्तकात लिहिलंय की दुसरीतल्या एका पोरावर हात उगारला आणि झेल्या आठवून तो हात तसाच खाली आला. त्याच्या लेखातली ही चार वाक्यं मी कितीदा वाचली असतील, सांगता येत नाही.

तात्या चित्रंही काढत. त्यांची रेखाटनं पाहिली की त्यांच्या वाक्याचं गुपित थोडं उलगडतं. पाठमोरा मेंढका काढायचा तर खांद्यावरच्या घोंगडीची एक रेघ आणि काठीची एक, बाकी कागद मोकळा. गद्यातही ते तेच करतात. माळ कसा आहे याचं वर्णन परिच्छेदभर येत नाही. एक बोराटी येते, तिला अडकलेली लोकर येते, आणि मेंढरं नुकतीच इथून गेली हे आपल्याला कळतं. विशेषणं कमी आणि नावं जास्त. झाडाला ‘झाड’ म्हणून ते सोडत नाहीत. बाभळ, हिवर, तरवड असं नाव घेतात. ज्यानं लहानपणी जनावरं हिंडवली आहेत त्याला ही नावं शिकावी लागत नाहीत. पण लिहिताना ती नेमकी हाताशी येणं आणि जागच्या जागी बसणं, ही कारागिरी आहे. तिला आपण फार सहज ‘साधेपणा’ म्हणून मोकळे होतो.

‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपानं आली. इंग्रजीत गेली, 1995 साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, लोकांना गोळा करून तालीम बांधतो, तालमीच्या उद्‌घाटनाला राजा येतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. सगळी जगायला गेलेली असतात. या कादंबरीत खलनायक शोधू नये. पाऊस पडला नाही, एवढंच घडतं. आमच्याकडं 1972च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून आहेत. त्यांच्यातल्या एकीला तिच्या नातवानं बनगरवाडीचा शेवट वाचून दाखवला. ऐकून म्हातारी म्हणाली, ‘ह्यानं आमचं कवा बघितलं?’ कादंबरी त्या दुष्काळाच्या सतरा वर्षं आधीची होती.

आता याच मातीतलं दुसरं घर. शंकरराव खरातांचा जन्म 1921चा, आटपाडीचा. माडगूळ तिथून काही कोसांवर. माडगूळकरांचे वडील औंध संस्थानात कारकून होते आणि खरातांचे वडील तराळकी करत. आजच्या पोरांना तराळ हा शब्द समजावून सांगावा लागतो. गावकामगार महारांतला तराळ म्हणजे सरकारी हुकमाला बांधलेला माणूस. टपाल पोचवायचं, सांगावा न्यायचा, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं आणि त्या बदल्यात दारोदार भाकरी मागायची. संस्थान एकच. त्याच्या कागदावर लिहिणारा एका लेखकाचा बाप आणि तोच कागद घेऊन उन्हातान्हात पळणारा दुसऱ्या लेखकाचा बाप. दोन्ही पोरांनी पुढं मराठी भाषेला पुस्तकं दिली. मी हे पहिल्यांदा असं शेजारी शेजारी मांडून पाहिलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही.

खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ 1981चं. त्यातला विहिरीचा प्रसंग ज्यानं वाचला तो विसरत नाही. विहिरीत बेवारस प्रेत आहे. ते बाहेर काढायचं काम अर्थातच तराळाचं. पोलीस हुकूम सोडतोय, उपाशी बाप आत उतरतोय आणि काठावर उभं राहून पोर बघतंय. खरात इथं आवाज चढवत नाहीत. संतापाचं भाषण करायची जागा होती, त्यांनी ती मोकळी सोडली. पोराच्या डोळ्यांना जे दिसलं तेवढंच दिलं. दोर, पाणी, बापाची पाठ. वाचणाऱ्याचा हात आपोआप दोराला जातो. आमच्या पुस्तकात या प्रसंगावर दोन लेख आहेत. एका लिहिणाऱ्याचे आजोबा तराळ होते आणि दुसऱ्याचे आजोबा पाटील. दोघांनी एकमेकांचा लेख वाचला नव्हता. मी ते मुद्दाम लागोपाठ ठेवले आहेत.

खरात वकील झाले, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कथा, कादंबऱ्या, लेख मिळून त्यांचं लेखन पुष्कळ आहे. ‘सांगावा’, ‘तडीपार’, ‘टिटवीचा फेरा’ हे कथासंग्रह आज सहजासहजी मिळत नाहीत. एका ग्रंथालयात मी ते मागितले, तर नोंदवहीत नावं होती आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन खेपा घातल्या तेव्हा कपाट उघडलं. ‘तडीपार’ची पानं एकमेकांना चिकटली होती, ती ब्लेडनं सोडवत वाचली. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमाती, बलुतेदार, गावकुसाबाहेरची माणसं यांच्या या कथा आहेत. त्यांची भाषा तात्यांच्या भाषेइतकी घोटीव नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. कधी कधी घाईचं लेखन जाणवतं. पण तात्यांचा लेखक गावात हिंडतो तेव्हा ज्या उंबऱ्याशी थांबतो, त्या उंबऱ्याच्या आतून खरात लिहितात. चूल कशी पेटत नाही हे आतल्यालाच माहीत असतं. दोघांनी मिळून एक गाव पुरं झालं, आणि योग असा की 2001 साली काही महिन्यांच्या अंतरानं दोघेही गेले.

त्याच आतल्या बाजूनं, पण चुलीपुढं बसलेल्या बाईचं बोलणं मराठीत आलं ते शांताबाई कांबळे यांच्यामुळं. जन्म 1923चा, सांगोला तालुक्यातल्या महूदचा. त्या शिक्षिका झाल्या, पुढं जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून हिंडल्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. मराठीतल्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत ते अगदी आधीचं. शीर्षकातला ‘माज्या’ आणि ‘जल्म’ नीट पाहा. ज्या बाईनं आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं, तिला ‘माझ्या जन्माची’ असं लिहिता येत नव्हतं का? येत होतंच. पण पुस्तकातल्या ज्या नाजाची गोष्ट सांगायची ती अशीच बोलायची, म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं. या एका निर्णयात मला मोठं धैर्य दिसतं. आमच्या तालुक्यातल्या पोरी अजूनही वर्गात ‘माजं’ म्हणून गेलं की जीभ चावतात. त्यांच्यातल्या एकीनं, आता ती स्वतः शिकवते, या पुस्तकासाठी शांताबाईंवर लिहिलं आहे. आपला लेख तिनं बोलीतच पाठवला आणि ‘एक काना-मात्रा बदलायची नाही’ अशी चिठ्ठी जोडली. मी बदलली नाही.

शांताबाईंचे चिरंजीव अरुण कांबळे. जन्म करगणीचा, आटपाडी तालुक्यातला. दलित पँथरच्या उभारणीतले बिनीचे कार्यकर्ते, कवी, ‘रामायणातील सांस्कृतिक संघर्ष’चे लेखक. आणि इथंच मला माणदेशाचं कौतुक वाटतं. ज्या आटपाडी तालुक्यातल्या कवीनं आकाशवाणीवरून घराघरांत रामकथा पोचवली, त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या कवीनं त्या कथेला अवघड प्रश्न विचारले. दोन्ही आवाज आमचे. एकाला मान द्यायचा म्हणून दुसऱ्याला गप्प बसवायची मला गरज वाटत नाही. या पुस्तकात दोघांवरचे लेख आहेत.

गदिमांविषयी महाराष्ट्राला नव्यानं सांगण्यासारखं थोडंच उरलं आहे. 1919 साली शेटफळ्याला, आजोळी जन्म. सुधीर फडक्यांच्या संगीतात 1955 ते 56 या काळात पुणे आकाशवाणीवरून आलेली गीतरामायणाची छप्पन्न गीतं. चित्रपटांच्या कथा, पटकथा, गाणी यांची गणतीच नाही. मला त्यांच्याविषयी दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे माडगूळच्या रानातला पत्रा. गावात त्याला ‘बामणाचा पत्रा’ म्हणतात. पुण्या-मुंबईत नाव, पैसा, माणसं सगळं मिळवलेला हा कवी लिहायला म्हणून तिथं येऊन बसायचा. वर पत्रा, भोवती रान. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून लिहिणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलं आहे त्याला त्या ओढीची किंमत कळेल.

दुसरी गोष्ट स्वतंत्रपूरची. आटपाडीजवळची ही कैद्यांची खुली वसाहत औंध संस्थानानं 1939 साली सुरू केली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथं भिंतीवाचून राहत, शेती करत. व्ही. शांताराम यांच्या 1957च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कल्पना तिथून आली आणि ती कथा लिहिली गदिमांनी. आमच्या शिवारातलं एक खरं धाडस आमच्याच शिवारातल्या लेखकानं जगापुढं नेलं. बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, तेव्हा आटपाडीच्या चावडीवर ती बातमी कुणी वाचून दाखवली असेल का, असं मला नेहमी वाटतं.

इथं औंध संस्थानाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण कोरड्या टापूत एवढे लेखक कसे निपजले याचं अर्धं उत्तर तिथं आहे. भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्र काढणारे, कीर्तन करणारे, सूर्यनमस्काराचं वेड असलेले राजे. संस्थान लहान, उत्पन्न बेताचं. तरी शाळा काढल्या, चित्रसंग्रह उभा केला, 1939 साली रयतेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली. बनगरवाडीच्या तालमीला राजा येतो तो उगाच येत नाही. पण या चांगल्या राजाच्या राज्यातही तराळाला भाकरी मागावीच लागली, हेही त्याच पानावर लिहून ठेवलं पाहिजे. उत्तराचा उरलेला अर्धा भाग म्हणजे भूक. तिच्यापायी ही माणसं बाहेर पडली आणि बाहेर पडल्यावर त्यांना गाव दिसू लागलं.

ना. सं. इनामदार हे खटाव तालुक्यातल्या गोरेगावचे. ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’, ‘राऊ’ या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला पेशवाईत नेऊन उभं केलं. माणदेशचा माळ त्यांच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही. तरी त्यांचे नायक पाहावेत. त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव. इतिहासानं बाजूला टाकलेली, बदनाम केलेली माणसं त्यांनी शोधून काढली. हा पक्ष घ्यायला ते कुठं शिकले, याचा शोध आमच्या एका प्राध्यापक मित्रानं घेतला आहे आणि त्याचं म्हणणं मला पटलं.

हे सगळं जुनं झालं असं कुणी समजू नये. जत तालुक्यातल्या निगडी बुद्रुकच्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला 2018 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रानात राबून शिकणाऱ्या पोराची ती कादंबरी. तात्यांनी मास्तरच्या नजरेनं जी वाडी पाहिली, तिथल्याच पोरानं आता स्वतः लेखणी धरली आहे. पुरस्कारानंतर दोन वर्षांनी टाळेबंदी आली, नोकरी गेली आणि गोरे यांना दुसऱ्याच्या रानात मजुरीला जावं लागलं. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. पुरस्काराच्या शालीनं घर चालत नाही. लेखकाचा गौरव करायचा तर त्याचं पुस्तक विकत घ्यावं, ते शाळेत वाचावं, त्याला बोलावलं तर मानधन द्यावं. आमच्या या पुस्तकाच्या प्रत्येक लेखकाला आम्ही मानधन दिलं आहे. रक्कम लहान आहे, पण ती छपाईच्या आधी दिली.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आता आमच्या बऱ्याच शिवारांत आलं आहे. जिथं हुलगा पेरायचे तिथं डाळिंब उभं आहे. वाघूर लावलेला कळप रस्त्याला दिसतो, पण पूर्वीइतका नाही. ‘तराळ’ हा शब्द गेला त्याचा आनंदच आहे. ‘कोरड्यास’, ‘माळवं’, ‘वाकळ’ हे शब्दही पोरांच्या तोंडून जायला लागले आहेत, त्याचं मात्र वाईट वाटतं. पुढच्या माणदेशी लेखकाची पुस्तकं वेगळी असतील. त्यात ठिबकच्या नळ्या असतील, कोल्ड स्टोरेजचा भाव असेल, पाण्याच्या पाळीवरची भांडणं असतील. तो लेखक आत्ता कुठल्यातरी झेडपीच्या शाळेत दप्तर घेऊन बसला आहे. त्याच्या हाती हे पुस्तक पडावं म्हणून आटपाडी, माण, सांगोला आणि जत तालुक्यांतल्या शाळांना प्रती भेट द्यायचं ठरलं आहे.

छपाईला पैसे कमी पडत होते तेव्हा एक फोन आला. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. तीही जगायलाच गेलेली. फोन करणारे कोइमतूरला दुकान चालवतात. चाळीस वर्षं झाली तिथं. पैशाचं बोलणं दोन मिनिटांत झालं. मग म्हणाले, भट्टीशेजारच्या फळीवर ‘बनगरवाडी’ ठेवलीय, धुरानं कव्हर काळं पडलंय, तेव्हा नव्या पुस्तकाबरोबर तिची नवी प्रतही पाठवा. पत्ता सांगून झाला. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ‘पाऊस हाय का तिकडं?’

मी म्हणालो, ‘काल झाला. ओढ्याला पाणी आलंय.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘धा प्रती पाठवा. विट्यावरनं गाडी येती हिकडं, ड्रायव्हरकडं द्या.’